जुन्या आउटलुकची मेल नव्यात आणताना: रिकामे फोल्डर, दुप्पट मेल आणि मराठी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या छोट्या कार्यालयांनी नवे संगणक घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: "भाई, नवा पीसी बसवला, आजची मेल येते, पण जुनी सगळी गेली हो." एप्रिल २०१४मध्ये एक्सपी संपली तेव्हा हेच झालं होतं. जानेवारी २०२०मध्ये विंडोज ७ संपली तेव्हाही हेच. प्रत्येक वेळी माणसं तितकीच घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं योग्यच आहे, कारण त्या मेलमध्ये पुरवठादारांचे दर, भाडेकरार, बुकिंगचे पुरावे, बँकेशी झालेला पत्रव्यवहार असं सगळं असतं.

बहुतेक वेळा मेल गेलेली नसते. ती जुन्या मशीनवर, कुणी न बघितलेल्या एखाद्या फोल्डरात तशीच पडून असते. ती जाते नंतर, घाईघाईत केलेल्या उपायांनी. म्हणून या सगळ्या लेखनात मला एकच गोष्ट ठसवायची आहे: जुनी डेटा फाइल, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं आउटलुक हे मेल सॉफ्टवेअर जिच्यात मेल साठवतं ती फाइल, आधी नुसती उघडून बघा. इम्पोर्टच्या, म्हणजे तिच्यातली मेल नव्या खात्यात ओतण्याच्या, वाटेला लगेच जाऊ नका. निम्म्याहून अधिक भानगडी त्या इम्पोर्टमधूनच उभ्या राहतात.

आधी मेल कुठे आहे ते ठरवा

गोव्यातल्या लहान व्यवसायांचा नेहमीचा प्रकार असा. वेबसाइट करून घेतली, तिच्याबरोबर होस्टिंगवाल्याने स्वतःच्या नावाचे चार-पाच ईमेल पत्ते दिले. मेलबॉक्स लहान, लवकर भरायचा. म्हणून कुणीतरी आउटलुकमध्ये खातं पॉप पद्धतीने लावून दिलं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून संगणकावर ठेवली जाते. "लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर" या पर्यायावर खूण नसेल, तर सर्व्हरवर काहीच उरत नाही. खूण असली तरी २०१० आणि पुढच्या आउटलुकमध्ये ती सहसा चौदा दिवसांपुरती असते. त्यानंतर सर्व्हरवरची प्रत काढून टाकली जाते.

म्हणजे पॉप खात्याची दहा वर्षांची मेल जगात एकाच ठिकाणी असते: त्या जुन्या डिस्कवर. नवा संगणक घेताना जुना एक्स्चेंजमध्ये दिला, किंवा "मुलांना अभ्यासाला होईल" म्हणून फॉर्मॅट केला, तर विषय संपला. आयमॅप असेल तर काळजी कमी, कारण मूळ मेल सर्व्हरवर असते आणि नव्या मशीनवर खातं लावलं की हळूहळू उतरते. तरी आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मेलबॉक्स भरत आला की हाताने "लोकल" फोल्डर करून जुनी मेल तिकडे ढकलायची सवय अनेकांना असते. ती मेल सर्व्हरवर नसते.

पॉप आहे की आयमॅप हे जुन्या आउटलुकमध्ये "अकाउंट सेटिंग्ज" उघडलं की खात्याच्या नावासमोर लिहिलेलं दिसतं. त्याच खिडकीत "डेटा फाइल्स" नावाचा टॅब आहे. नवा संगणक चालू करण्याआधी हा टॅब बघा, आणि तिथे दिसणाऱ्या प्रत्येक ओळीचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल. ओळ निवडून "ओपन फाइल लोकेशन" (२००७मध्ये "ओपन फोल्डर") दाबलं की ती फाइल जिथे आहे ते फोल्डर समोर येतं. लपवलेल्या फोल्डरांत शोधाशोध करावी लागत नाही.

वास्कोच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयातलं चित्र सांगतो, कारण ते फार नमुनेदार आहे. विंडोज ७, आउटलुक २००७. डेटा फाइल्सच्या टॅबमध्ये तीन ओळी. पहिली "आउटलुक" नावाची पीएसटी (आउटलुकच्या डेटा फाइलचा हा प्रकार), रोजची. दुसरी "आर्काइव्ह" नावाची. तिसरी डी ड्राइव्हवर, "बॅकअप ओल्ड" नावाची, कुणी एका कारकुनाने कधीतरी केलेली. नव्या मशीनवर फक्त पहिली गेली होती. म्हणून इनबॉक्समध्ये गेल्या काही महिन्यांची मेल दिसत होती आणि त्याआधीची दिसत नव्हती. कार्यालयात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की कॉपी करताना फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत होती.

इथे दोषी आहे ऑटोआर्काइव्ह. आउटलुक २००७पर्यंत ही सोय मुळातच चालू असायची. दर काही दिवसांनी एक छोटी खिडकी विचारायची, जुनी मेल आता आर्काइव्ह करू का. माणूस कामाच्या गडबडीत "येस" दाबायचा आणि सहा महिन्यांहून जुनी मेल मुकाट्याने दुसऱ्या फाइलमध्ये जायची. आउटलुक २०१०पासून ही सोय आपोआप चालू नसते, पण जुनी आर्काइव्ह फाइल तिथेच असते. म्हणून "अमुक सालाच्या आधीचं काहीच नाही" अशी तक्रार असेल, तर दुरुस्तीचं साधन हातात घेण्याआधी आर्काइव्ह नावाची फाइल शोधा.

कॉपी करताना

जुन्या मशीनवरचं आउटलुक पूर्ण बंद करा. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ त्याचं चिन्ह राहिलं असेल तर तेही बंद करा. चालू आउटलुकची पीएसटी कॉपी करायला गेलं तर एक तर फाइल वापरात आहे असा संदेश येतो, नाही तर एखादं कॉपी सॉफ्टवेअर अर्धवट प्रत काढून मोकळं होतं.

त्याहून महत्त्वाचं: त्यानंतर जुन्या मशीनवर आउटलुक पुन्हा चालू करायचं असेल तर आधी नेटची वायर काढा, किंवा "वर्क ऑफलाइन" करून ठेवा. पॉप खातं जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मशीनवर एकाच वेळी चालू राहिलं, तर ज्याने आधी मेल उतरवली त्याच्याकडे ती जाते. सकाळची चौकशी जुन्या पीसीवर आणि दुपारचं उत्तर नव्यावर, असा घोळ आठवडाभर चालतो आणि मग दोन फाइली जुळवत बसावं लागतं.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर यूपीएस लावल्याशिवाय कॉपीला हात घालू नका. जून-जुलैमध्ये आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मोठी पीएसटी कॉपी होत असताना मध्येच वीज गेली तर नव्या डिस्कवर अर्धीच फाइल राहते. नावाने पूर्ण, आतून अपुरी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलवर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज"मध्ये बाइट्सचा आकडा जुळवून बघा. शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे.

बऱ्याच जणांचा बॅकअप अजून सीडी किंवा डीव्हीडीवर आहे. सीडीवरून उतरवलेली फाइल "रीड ओन्ली" राहू शकते. मग आउटलुक म्हणतं, फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही. प्रॉपर्टीजमध्ये "रीड ओन्ली"ची खूण काढली की ती उघडते. एवढ्याशा खुणेसाठी कार्यालयं डेटा रिकव्हरीवाल्याकडे जातात, हे मला फार खटकतं.

उघडायची, इम्पोर्ट करायची नाही

नव्या मशीनवर आधी खातं लावून मेल येते-जाते ना बघा. मग क्लासिक आउटलुकमध्ये (ऑफिसबरोबर मिळणारं नेहमीचं, विंडोज ११चं "नवीन आउटलुक" नव्हे) "फाइल", त्यात "ओपन अँड एक्स्पोर्ट", त्यात "ओपन आउटलुक डेटा फाइल". कॉपी केलेली पीएसटी निवडा. डाव्या बाजूच्या यादीत खाली एक नवं नाव उभं राहतं, आणि त्याच्या आत तुमचे जुने फोल्डर, होते त्या रचनेत, होत्या त्या नावांनी. काही हललेलं नसतं, काही मिसळलेलं नसतं. आर्काइव्ह असेल तर तीही अशीच उघडा.

बऱ्याच कार्यालयांना एवढंच पुरतं. जुनी मेल शोधायला मिळाली पाहिजे, बस्स. रोजच्या इनबॉक्समध्ये २०११ची मेल कशाला हवी?

पॉप खातं असेल आणि जुन्याच फाइलमध्ये पुढची मेल यायला हवी असेल, तरी इम्पोर्ट लागत नाही. "अकाउंट सेटिंग्ज"मध्ये खातं निवडून खाली "चेंज फोल्डर" दाबायचं आणि जुन्या पीएसटीमधला इनबॉक्स दाखवायचा. नवी मेल त्यात येऊ लागते. मात्र त्याआधी ती फाइल कोणत्या जातीची आहे ते बघायला हवं. त्याचं कारण पुढे प्रश्नचिन्हांच्या भागात आहे.

आता इम्पोर्टने काय होतं ते बघा. इम्पोर्टचा विझार्ड शेवटी विचारतो, कोणत्या खात्यात घालू. वर आयमॅप खातं निवडलेलं असतं आणि माणूस तसंच पुढे जातो. मग ती बारा-पंधरा जीबी मेल सर्व्हरवर चढायला लागते. सर्व्हरवरची जागा भरते, आणि त्या क्षणापासून ग्राहकांची नवी मेल परत जायला लागते. हॉटेलवाल्याच्या बाबतीत हे डिसेंबरच्या हंगामात झालं तर किती नुकसान होतं याचा विचार करा. हे मी स्वतः बघितलं आहे, आणि त्यातून बाहेर पडायला सर्व्हरवर जाऊन एकेक फोल्डर रिकामा करावा लागला.

दुप्पट मेलची तक्रारही बहुधा इथलीच. पहिल्यांदा इम्पोर्ट मध्येच थांबलं, म्हणून दुसऱ्यांदा केलं, आणि "डू नॉट इम्पोर्ट डुप्लिकेट्स" हा पर्याय निवडला नाही. दुसरं कारण पॉपचं. कोणती मेल आधीच उतरवली आहे याची नोंद जुन्या प्रोफाइलशी, म्हणजे आउटलुकमधल्या खात्यांच्या मांडणीशी, बांधलेली असते. नव्या प्रोफाइलला ती मिळत नाही. म्हणून सर्व्हरवर प्रती ठेवलेल्या असतील तर नवं प्रोफाइल त्या सगळ्या नव्याने उतरवतं. अशा वेळी नवी मेल आधी वेगळ्या, कोऱ्या पीएसटीमध्ये उतरू द्या आणि मग हवं ते जुन्यात न्या.

एक छोटी चूक आणखी: इम्पोर्ट करताना "इन्क्लूड सबफोल्डर्स"ची खूण काढलेली असली तर फक्त वरचा फोल्डर येतो. ग्राहकांच्या नावाने केलेले पन्नास उपफोल्डर मागेच राहतात.

फोल्डर आहेत, पण आत काही नाही

फाइल उघडली, नावं दिसतात, फोल्डरवर क्लिक केलं तर कोरं पान. घाबरण्याआधी आउटलुकच्या अगदी खालच्या पट्टीकडे, डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे नगांचा आकडा असतो आणि कधी कधी त्याच्या शेजारी "फिल्टर अप्लाइड" असे शब्द असतात. ते शब्द दिसले तर मेल आहे, फक्त झाकलेली आहे.

हे मुख्यतः आयमॅप खात्याच्या जुन्या पीएसटीत होतं. आउटलुक २०१०पर्यंत आयमॅपची मेलही पीएसटीत राहायची. २०१३पासून ती ओएसटी नावाच्या फाइलमध्ये जाते. जुन्या आयमॅप फोल्डरवर त्याचा जुना प्रकार चिकटून राहतो आणि नवं आउटलुक त्याला "डिलीटची खूण असलेली मेल लपवा" अशा धाटणीचं दृश्य लावतं. "व्ह्यू" मेनूत "व्ह्यू सेटिंग्ज", त्यात "फिल्टर", त्यात "क्लिअर ऑल". एवढ्याने दिसली तर त्याच पीएसटीत एक नवा फोल्डर करा, सगळी मेल निवडून त्यात हलवा आणि पुढे तोच वापरा. जुना फोल्डर दर वेळी पुन्हा तोच त्रास देत राहील.

फिल्टर काढूनही रिकामाच असेल, आणि फाइलचा आकार काही केबी-एमबीच असेल, तर त्या फाइलमध्ये मेल नव्हतीच. ती सर्व्हरवर असेल, नाही तर दुसऱ्या फाइलमध्ये. पुन्हा डेटा फाइल्सच्या त्या फोटोकडे जा.

फोल्डर उघडल्यावर मेल दिसते पण शोधल्यावर सापडत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. विंडोजला नव्या फाइलची सूची करायला वेळ लागतो. शोधाच्या चौकटीत क्लिक केल्यावर येणाऱ्या पट्टीत "सर्च टूल्स", त्यात "इंडेक्सिंग स्टेटस" बघा. आकडा शून्यावर येईपर्यंत आउटलुक चालू ठेवा. मोठ्या फाइलला एखादी रात्र लागू शकते.

मराठी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हं

हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण याविषयी मराठीत कुणी फारसं लिहीत नाही, आणि नुकसान मात्र आपल्यासारख्यांचंच होतं.

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थान समितीची मेल हलवायची होती. महाजनांना (देवस्थानाच्या सभासदांना) पाठवलेली जत्रेची आमंत्रणं, सभांच्या सूचना, दुरुस्तीच्या कामाचा पत्रव्यवहार, सगळं मराठीत. फाइल उघडली आणि विषयांच्या रांगेत एकामागून एक प्रश्नचिन्हं. शब्दांमधली मोकळी जागा तेवढी जिथल्या तिथे, म्हणजे तीन शब्दांचा विषय आहे हे कळतं, कोणते शब्द ते कळत नाही. इंग्रजी विषय मात्र नीट. सगळ्यांना वाटलं नव्या संगणकात मराठी फॉन्ट नाही.

फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते. प्रश्नचिन्हं म्हणजे अक्षरं साठवतानाच गेली. कारण फाइलची जात. आउटलुक ९७ ते २००२ यांच्यात बनलेली पीएसटी जुन्या आन्सी पद्धतीची असते. तिच्यात एका कोडपेजमधली, म्हणजे अक्षरांच्या एका ठरावीक तक्त्यातली, अक्षरंच मावतात. विंडोजमध्ये देवनागरी फक्त युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीतून, चालते. तिला जुन्या पद्धतीचं स्वतःचं कोडपेज नाही. म्हणून आन्सी फाइलमध्ये मराठी अक्षर ठेवायला जागाच नसते आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. युनिकोड पीएसटी आउटलुक २००३मध्ये आली. पण आपल्या लोकांनी २००१ साली केलेली तीच फाइल २००३मध्ये, मग २००७मध्ये, मग २०१०मध्ये पुढे पुढे नेली. आउटलुक नवं होत गेलं, फाइल जुनीच राहिली. आणि नवी मेल तिच्यातच उतरत राहिली, म्हणून गेल्या वर्षीच्या आमंत्रणाचा विषयही गेला.

ओळखायचं कसं? डेटा फाइल्सच्या टॅबमध्ये फाइल निवडून "सेटिंग्ज" दाबा. "फॉर्मॅट"समोर ९७-२००२ असं लिहिलेलं असेल तर ती आन्सी आहे. दुसरी खूण आकाराची: आन्सी पीएसटीची कमाल मर्यादा २ जीबी. त्या आकड्याच्या आसपास येऊन अडकलेली फाइल दिसली की संशय घ्यायचा. युनिकोड फाइलची मर्यादा २००३ आणि २००७मध्ये २० जीबी होती, २०१०पासून ती ५० जीबी आहे.

उपाय असा. नवी पीएसटी तयार करा. आजचं आउटलुक ती युनिकोडच करतं. जुनी फाइल शेजारी उघडा आणि फोल्डर एकेक करून नव्यात कॉपी करा, हलवू नका. मग "चेंज फोल्डर"ने पुढची मेल नव्या फाइलमध्ये वळवा. आजपासूनचं मराठी सुरक्षित झालं.

आधी प्रश्नचिन्हं झालेले विषय या मार्गाने परत येत नाहीत. तरी हार मानू नका. ज्या मेलचा मजकूर एचटीएमएल (फॉन्ट-रंगांसह सजवलेल्या) स्वरूपात होता, तिच्या आतलं मराठी बऱ्याचदा शाबूत असतं. मेल उघडून बघा, विषय गेला असला तरी पत्र वाचता येईल. साध्या टेक्स्टमधली पत्रं मात्र आतूनही गेलेली असतात. त्यांच्यासाठी दुसरी प्रत शोधावी लागते: सर्व्हरवर काही उरलं आहे का, ज्यांना पाठवलं होतं त्यांच्या मेलबॉक्समध्ये आहे का. देवस्थानाच्या बाबतीत सभांच्या सूचना महाजनांच्या जीमेलमध्ये होत्या. त्या त्यांच्याकडून परत मागवल्या आणि समितीच्या नव्या फाइलमध्ये ठेवल्या.

याच्याशी गल्लत होईल अशी आणखी एक गोष्ट आहे. काही जुन्या मेलमध्ये प्रश्नचिन्हं नसतात, तर इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यावर टिंब-टोप्या असलेला न कळणारा मजकूर असतो. तो श्रीलिपी, आयएसएम किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात अक्षरं गेलेली नाहीत, फक्त चेहरा बदलला आहे. त्या काळचा नेमका फॉन्ट नव्या मशीनवर बसवला, तर तो फॉन्ट ज्या मेलमध्ये आणि वर्ड फाइलमध्ये लावलेला आहे ती वाचता येते. म्हणून जुन्या मशीनच्या "फॉन्ट्स" फोल्डरमधले सगळे मराठी फॉन्ट पीएसटीबरोबर कॉपी करून ठेवा. पुढे हा मजकूर परिवर्तकाने (कन्व्हर्टर सॉफ्टवेअरने) युनिकोडमध्ये आणता येतो, पण कोणत्या फॉन्टचा आहे हे कळलं नाही तर परिवर्तक निरुपयोगी.

आउटलुक एक्सप्रेस असेल तर

खनिज व्यवसायातल्या काही कार्यालयांत आणि बार्ज मालकांकडे एक्सपीची मशीनं अजून कोपऱ्यात आहेत. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये खाणी बंद पडल्या, कार्यालयं आटली, आणि मशीनं तशीच झाकून ठेवली गेली. त्यांच्यात आउटलुक एक्सप्रेस आहे आणि त्याची मेल डीबीएक्स नावाच्या फाइलींत, प्रत्येक फोल्डरला एक. "टूल्स", "ऑप्शन्स", "मेंटेनन्स", "स्टोअर फोल्डर" इथे जागा कळते. ते पूर्ण फोल्डर आधी कॉपी करा.

नवं आउटलुक डीबीएक्स वाचत नाही. मशीन चालू होत असेल तर सोपा मार्ग हा: आउटलुक एक्सप्रेसमध्ये एक फोल्डर उघडा, सगळी मेल निवडा आणि डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरात ओढून टाका. प्रत्येक मेलची स्वतंत्र ईएमएल फाइल होते. त्या ईएमएल थंडरबर्डमध्ये "इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी" या अ‍ॅड-ऑनने आत घेता येतात. थंडरबर्ड फुकट आहे आणि नुसती जुनी मेल वाचायला उत्तम. कामं संपेपर्यंत आउटलुक एक्सप्रेसने "कॉम्पॅक्ट करू का" विचारलं तर नाही म्हणा. ते मध्येच थांबलं तर मेल जाते.

फाइल खरंच बिघडली असेल तर

आउटलुकबरोबर "इनबॉक्स रिपेअर टूल" येतं. फाइलचं नाव स्कॅनपीएसटी. ऑफिस जिथे बसवलं आहे त्या फोल्डरात शोधलं की सापडतं. ते मूळ फाइलवर कधीही चालवू नका, नेहमी प्रतीवर चालवा, जरी ते स्वतः बॅकअप ठेवू का असं विचारत असलं तरी. एका फेरीत काम होत नाही. "चुका सापडल्या नाहीत" असं येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. बचावलेली पण घर नसलेली मेल "लॉस्ट अँड फाउंड" नावाच्या फोल्डरात मिळते, तिथे बघायला विसरू नका.

नव्या मशीनचे दोन सापळे

पहिला: विंडोज ११बरोबर येणारं "नवीन आउटलुक". नाव तेच, पण आतून वेगळं सॉफ्टवेअर. पीएसटीची सगळी कामं त्यात होत नाहीत. वर सांगितलेले मेनू दिसत नसतील तर तुम्ही बहुधा त्यात आहात. ऑफिसबरोबर मिळणारं क्लासिक उघडा.

दुसरा: वनड्राइव्ह. आउटलुक आपल्या पीएसटी "डॉक्युमेंट्स"मधल्या "आउटलुक फाइल्स" फोल्डरात ठेवतं, आणि नवा लॅपटॉप डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हवर चढवायला लागतो. फुकटची जागा ५ जीबी. पीएसटी दिवसभर बदलत असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा चढत राहते, आउटलुक अडखळतं आणि नेटही संपतं. आउटलुक बंद करून पीएसटी सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात हलवा. पुढच्या वेळी उघडताना ते जागा विचारेल, ती दाखवा. कार्यालयाच्या सर्व्हरवर शेअर केलेल्या फोल्डरातही पीएसटी ठेवू नका. नेटवर्कवरून उघडलेली पीएसटी बिघडण्याचा धोका खरा आहे आणि तसं वापरणं अधिकृतपणेही मान्य नाही.

जुनी डिस्क कधी सोडायची

दोन्ही मशीन शेजारी ठेवून प्रत्येक मुख्य फोल्डरचा आकडा जुळवा. फोल्डरवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "शो टोटल नंबर ऑफ आयटम्स". नाही तर फक्त न वाचलेल्यांचा आकडा दिसतो आणि जुळणी फसते. "सेंट आयटम्स"मधली सर्वांत जुनी मेल उघडा. एखादी जुनी पीडीएफ अटॅचमेंट उघडून बघा.

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. त्या नोंदींचे पुरावे मेलमध्ये असतात, म्हणून जुनी डिस्क निदान तेवढा काळ ठेवा. जमिनीचा किंवा भाड्याचा वाद कोर्टात असेल तर मूळ पीएसटीला हातही लावू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, द्यावं लागतं आणि एकदा आउटलुकमध्ये उघडली की फाइल बदलते. आपल्या हवेत डिस्क उघड्या कपाटात ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी.

पीएसटीबरोबर येत नाहीत अशा काही गोष्टी शेवटी राहतात. पत्ता टाइप करताना आपोआप सुचणारी नावं २००७पर्यंत वेगळ्या एनके२ फाइलमध्ये असायची. जुन्या मशीनवर ती महत्त्वाची नावं कॉन्टॅक्ट्समध्ये घालून घ्या, म्हणजे पीएसटीबरोबर येतील. सह्यांचं "सिग्नेचर्स" फोल्डर वेगळं कॉपी करावं लागतं. मेल आपोआप फोल्डरांत वाटणारे नियम "रूल्स अँड अलर्ट्स"च्या "ऑप्शन्स"मधून एक्स्पोर्ट करता येतात, पण नव्या मशीनवर प्रत्येक नियमाला त्याचा फोल्डर पुन्हा दाखवून द्यावा लागतो.